दातावरचं कवच



गडहिंग्लजच्या शिवारात ऊस खायचा तर कोयता कुणी शोधत बसत नाही. कांडं तोंडात धरायचं, दातानं साल ओढायची, चावून रस घ्यायचा आणि चोथा थुंकायचा. हा सगळा जोर दातावरचं पांढरं कवच सोसतं. त्याला आपण एनॅमल म्हणतो. दाढेच्या उंचवट्यावर त्याची जाडी फार तर अडीच मिलिमीटर असते. हिरडीकडे ते पातळ होत होत संपतं. पण आपल्या शरीरात याहून कठीण दुसरं काही नाही, हाडसुद्धा नाही.

वजनानं शंभरातले सुमारे 96 भाग निव्वळ खनिज, बाकी पाणी आणि थोडी प्रथिनं. इतका कठीण पदार्थ खरं तर ठिसूळ असायला हवा, पहिल्याच कांड्याला तडकायला हवा. तो का तडकत नाही, हे पाहायचं तर दाताचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा लागतो. मग दिसतात एकमेकींना लागून बसलेल्या बारीक कांड्या. एकेकीची रुंदी साधारण पाच मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरात दोनशे मावतील. प्रत्येक कांडीत कॅल्शियम आणि फॉस्फेटचे हजारो लांबट स्फटिक भरलेले असतात. उसाच्या मोळीत सगळे ऊस एकाच दिशेला असतात, म्हणून मोळी उभी फाकते. एनॅमलमध्ये तसं नाही. बाहेरच्या थरात कांड्या सरळ असतात, पण आत त्यांचे गट एक डावीकडे, एक उजवीकडे असे वळून एकमेकांना ओलांडतात. दाढेच्या टोकाखाली तर त्या पार गुंतलेल्या असतात. वरून आलेल्या तड्याला आत जायला सरळ वाटच मिळत नाही. मला तरी ही रचना माणसानं बांधलेल्या कुठल्याही भिंतीपेक्षा थोर वाटते.

हे कवच बनवणाऱ्या पेशी दात हिरडीत असतानाच काम करतात. त्या रोज काही मायक्रोमीटर बाहेर सरकतात आणि मागे कांडी सोडत जातात. प्रत्येक दिवसाची एक पुसट आडवी रेघ कांडीवर उमटते आणि दर सात-आठ-नऊ दिवसांनी एक ठळक रेघ. बाळाचा जन्म होतो तेव्हा शरीराला जो झटका बसतो, त्याचीही वेगळी रेघ दुधाच्या दातांत आणि पहिल्या कायमच्या दाढेत उरते. मोठा आजार, उपासमार, यांच्या खुणाही राहतात.

पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं तिथं तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती उकरून काढली. घराच्या जमिनीखाली कुंभांत पुरलेली लहान मुलं तिथं सापडली. त्यांच्या दुधाच्या सुळ्यांवर एनॅमल नीट न बनल्याचे खड्डे होते. डॉ. सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेचे जॉन लुकाक्स यांनी त्यांचा अभ्यास केला आणि तान्हेपणीच्या आबाळीशी त्यांचा संबंध लावला. हाडांची माती होते, पण दाताचं कवच इतक्या काळानंतरही त्या लेकरांची हकिगत सांगतं.

दात हिरडीबाहेर आला की हे कवच बनवणाऱ्या पेशी नाहीशा होतात. म्हणून मोडलेलं हाड जुळतं, कापलेली कातडी भरून येते, पण झिजलेलं एनॅमल पुन्हा उगवत नाही. गूळ, काकवी, बिस्किट, चॉकलेट काहीही खाल्लं की तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात. आम्ल वाढून तोंडातला पीएच साधारण साडेपाचच्या खाली गेला की स्फटिक विरघळू लागतात. लाळेतलं कॅल्शियम ही सुरुवातीची झीज भरून काढतं, पण त्याला वेळ लागतो. दिवसभर थोडं थोडं गोड तोंडात टाकत राहिलं, तर तो वेळच मिळत नाही. म्हणून गूळ खायचाच तर जेवणासोबत खावा आणि नंतर खळखळून चूळ भरावी.

आपल्याकडच्या मायमाऊल्यांना हात जोडून एक सांगायचं आहे. मिसरीनं दात स्वच्छ होत नाहीत. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखू. तो जिथं घासला जातो, त्या हिरडीलगतच कवच सर्वांत पातळ असतं. शिवाय तंबाखूनं तोंडाचा कर्करोग होतो, हे तर सिद्धच आहे.

आणि आईवडिलांनो, मूल सहा वर्षांचं झालं की दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. आधीचा दात न पडताच ती उगवते, त्यामुळे पुष्कळ घरांत ती दुधाचीच समजली जाते आणि किडली तरी 'पडेल आपोआप' म्हणून सोडली जाते. ती कायमची दाढ आहे. तिचं एनॅमल बाळाच्या जन्माच्या सुमारास बनू लागलेलं असतं आणि तिला सबंध आयुष्य काढायचं असतं. ती दिसू लागली की मुलाला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.