उसना घेतलेला रस्ता
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्धापनदिनी एका ज्येष्ठ सभासदांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला विषय दिला, ‘मॅरेथॉन आणि आपली सोसायटी’. वेळ दिली दहा मिनिटं. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, त्यामुळे वेळ पाळायची सवय आहे. आणि आधीच सांगतो, मी एकदाही धावलेलो नाही. माझे गुडघे मला जिन्यावरच विचारतात, कुठे निघालात?

साताऱ्याला धावणं नवीन नाही. माण तालुक्यातल्या मोहीची आपली ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, तेव्हा आपण सगळे टीव्हीपुढे बसलो होतो. पुण्याची मॅरेथॉन १९८३ पासून, मुंबईची २००४ पासून आणि आपली सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून. एकवीस किलोमीटर आणि वर थोडं. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जाऊन वळायचं आणि तोच घाट उतरून परत यायचं. २०१५ साली या दौडीची गिनीज बुकात नोंद झाली. त्या दिवसांत पाहुण्यांनी गाव फुलून जातं, लॉज मिळत नाही, हे तुम्ही पाहताच.

मोठं नियोजन आयोजक करतात, बंदोबस्त पोलीस करतात. आपल्या सोसायटीचं काम छोटं. आपल्या बाजूचे दोन-तीन चौक आणि घाटातला एक पाण्याचा टेबल. पण ते काम कसं उभं राहिलं ते आज सांगितलं पाहिजे, कारण नव्याने राहायला आलेल्या बऱ्याच कुटुंबांना ते माहीत नाही.

सुरुवातीला आपण आठ-दहा जण हौशीने गेलो. टाळ्या वाजवल्या, केळी वाटली, फोटो काढले. पुढच्या वार्षिक सभेत आपल्याच बी-विंगमधले एक काका उठले. नाव घेत नाही, ते समोरच बसलेत आणि आत्ताच हसायला लागलेत. ते म्हणाले, “धावणारे धावतात, तुम्ही टाळ्या वाजवता, छान आहे. पण ज्यांना धावायचं नाही त्यांनी सकाळभर घरात कोंडून का घ्यायचं? रस्ता काय तुमच्या मालकीचा आहे?”

सभेत कुजबूज झाली. कोणी म्हणालं, वर्षातून एक दिवस काय होतंय. पण मला त्या प्रश्नात तथ्य वाटलं. रस्ता मालकीचा नाही, उसना घेतलेला आहे. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तरी आपण विचारून आणतो आणि परत देताना वाटी रिकामी देत नाही. इथे तर अख्खा रस्ता घेतोय आणि देणाऱ्याला विचारलेलंही नाही.

म्हणून वही आली. दौडीच्या आधीच्या रविवारी आपल्या भागातल्या प्रत्येक दारावर जायचं आणि एकच प्रश्न विचारायचा, “त्या दिवशी सकाळी तुम्हाला कुठे जायचंय का?” पहिल्या वर्षी माझ्यासोबत तळमजल्यावरच्या वहिनी आणि कॉलेजातली तीन मुलं होती. लोक काय काय सांगतात! एका मुलीची स्पर्धा परीक्षा, वेळेनंतर केंद्राचं दार बंद. एका घरी लग्नाचं वऱ्हाड निघायचं. एक ताई रुग्णालयात रात्रपाळीला, त्यांना घरी यायचं आणि दुसरीला त्यांच्या जागी जायचं. पेपरवाला. दुधाच्या किटल्या मोटारसायकलला अडकवून घाट उतरणारे दोघे, ज्यांचं दूध उन्हात थांबू शकत नाही. एक आजी म्हणाल्या, “मला देवळात जायचं असतं, पण मी जाईन उशिरा.” तेही लिहून घेतलं.

मग आला माझा विषय, वेळापत्रक. तरुण मंडळींना वाटतं, रस्ता बंद म्हणजे बंद. तसं नसतं. हिशेब सोपा व्हावा म्हणून धरा, आपला चौक सुरुवातीपासून ३ किलोमीटरवर आहे आणि दौड साडेसहाला सुटली. सर्वांत पुढचा किलोमीटरला साडेतीन मिनिटं घेतो, म्हणजे तो ६.४० ला आपल्यापुढून जातो. सर्वांत मागचा किलोमीटरला ९ मिनिटं घेतो, शिवाय गर्दीमुळे सुरुवातीची रेघ ओलांडायलाच त्याला १० मिनिटं लागतात. तो ७.०७ ला जातो. आता परतीचं बघा. पुढचा गडी १८ किलोमीटर करून आपल्या चौकात येईल ७.३३ ला. मधे जवळपास २५ मिनिटं चौक मोकळा! एसटीत या २५ मिनिटांत आम्ही गाड्या काढल्या असत्या. ही फट पोलिसांना आधी दाखवली, त्यांची संमती घेतली आणि वहीतली माणसं त्या फटीत ओळीने पलीकडे काढली. परीक्षेची मुलगी पहिली. वऱ्हाडाला सांगितलं, सात वाजता गाडीत बसून तयार राहा. वऱ्हाड आणि वेळेवर तयार! पण झालं तसं.

शेवटचा धावपटू परतायला सव्वानऊ वाजून जातात. शेवटी शेवटी दोन धावपटूंमध्ये बरंच अंतर पडतं, तेव्हा चालणाऱ्यांना हात धरून पलीकडे न्यायचं. स्वयंसेवकाची शिट्टी धावणाऱ्यासाठी जितकी, तितकीच या माणसांसाठी असते.

घाटातल्या टेबलाचंही शास्त्र आहे. आपल्या महिला मंडळाने ते डॉक्टरांकडून समजून घेतलं. ग्लास अर्धाच भरायचा, नाहीतर निम्मं पाणी अंगावर सांडतं. नुसतं पाणीच पाणी प्यायलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि माणूस भोवळ येऊन पडू शकतो, म्हणून मिठाची चिमूट, लिंबू, संत्र्याची फोड, चिक्की. आणि टेबल उचलण्याआधी शेवटचा ग्लाससुद्धा घाटातून वेचायचा. उसनी वस्तू परत करताना पुसून द्यायची असते.

आता एक प्रसंग सांगतो. एका वर्षी आठच्या सुमाराला वरच्या टेबलावरून फोन आला. पठारावरच्या एका गावातून छातीत दुखणाऱ्या आजोबांना घेऊन १०८ ची गाडी खाली निघाली होती. त्या वेळी घाटात सगळ्यात जास्त गर्दी असते. मागचे अजून चढत असतात, पुढचे उतरत असतात. आणि पठारावरच्या त्या लोकांना शहरात यायला जवळचा रस्ता हाच.

आपली पोरं वळणावळणावर उभी होती. सांगून ठेवलेलं होतं की लांब तीन शिट्ट्या ऐकल्या की सगळ्यांना डोंगराच्या कडेला घ्यायचं, दरीकडे कोणालाही जाऊ द्यायचं नाही. वरच्या वळणावरची शिट्टी खालच्याने उचलली, त्याची त्याच्या खालच्याने. शेकडो माणसं कडेला झाली. महिनोन्‌महिने सराव केलेली माणसं, छातीवरच्या नंबराच्या चिपमध्ये त्यांचा सेकंद अन् सेकंद मोजला जात होता. एकानेही कुरकुर केली नाही. एक जण तर दम लागलेला असूनही हात पसरून मागच्यांना अडवत होता. गाडी सरळ उतरली. आजोबा वाचले. त्यांचा नातू आज आपल्यासोबत वरच्या वळणावर उभा राहतो.

त्या दिवसानंतर वहीत एक पान वाढलं, वरच्या गावांचं. कोणत्या घरात आजारी माणूस आहे, कोणाचे दिवस भरत आलेत, कोणाला फोन करायचा. आधी आपण आपल्याच गल्लीपुरते विचारत होतो. घाटाच्या वर राहणाऱ्यांचाही रस्ता आपण उसना घेतोय, हे आजोबांच्या गाडीने शिकवलं.

आज मांडव घातलाय, स्पीकर लावलाय, गेटसमोरची जागा अडवली आहे. सकाळी मी पाहिलं, आपल्या सांस्कृतिक समितीची दोन मुलं शेजारच्या दोन्ही इमारतींत दारोदार जाऊन विचारत होती, “आज कोणाची गाडी बाहेर काढायची आहे का, कोणी आजारी आहे का?” त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं. पंचवीस वर्षांत आपण पाण्याची टाकी बांधली, लिफ्ट बसवली, रंग दोनदा दिला. माझ्या हिशेबात ही दोन मुलं त्याच यादीत येतात.

आता कामाचं. सभेत उठलेले ते बी-विंगमधले काका गेली कित्येक वर्षं ती वही सांभाळतात. ज्याने तक्रार केली, त्याच्याच हातात वही दिली, कारण कोणाची गैरसोय होते हे त्याला सर्वांत आधी दिसतं. पण आता त्यांची नजर कमी झाली आहे आणि माझ्याने जिने होत नाहीत. यंदा दारोदार फिरायला किमान सहा जण हवेत, घाटात उभं राहायला बारा. धावता येत नसेल तरी चालेल. शिट्टी आम्ही देऊ, पहाटे साडेचारला चहा वहिनी देतील. जेवणाच्या पंगतीत काका दाराजवळच्या टेबलावर वही उघडून बसणार आहेत. पान वाढून घेण्याआधी नाव लिहून जा.

नऊ मिनिटं झाली, एक मिनिट परत करतो.