नेतृत्वाची दोन अंगे : नम्रता आणि सचोटी
(शताब्दीनिमित्त हरमल येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हरमलसारख्या किनाऱ्यावरच्या गावाला नेतृत्वाचा पहिला पाठ ग्रंथांतून शिकावा लागत नाही. तो रापणीच्या दोरापाशी मिळतो. रापण एकट्याने ओढता येत नाही. दोन्ही टोकांना माणसे लागतात, आणि त्यांचा मेळ घालणाऱ्यालाही वाळूत पाय रोवूनच उभे राहावे लागते. पुढे मासळीची वाटणी होते ती सर्वांच्या डोळ्यांदेखत. दोराला स्वतःचा हात लावणे ही नम्रता आणि वाटणी उघड्यावर करणे ही सचोटी. नेतृत्वाची ही दोन अंगे परस्परांपासून वेगळी काढता येत नाहीत.

नम्रता म्हणजे हात जोडून वाकणे, असा एक समज रूढ आहे. निवडणुकीच्या दिवसांत असे वाकणे पुष्कळ पाहावयास मिळते. खरी नम्रता त्याहून कठीण आहे. आपल्या मतापेक्षा लोकांचा निर्णय मोठा, हे तो निर्णय आपल्या विरुद्ध गेल्यानंतरही मान्य करणे, ही ती नम्रता. सचोटीचेही तसेच आहे. सार्वजनिक पैशाला हात न लावणे ही तिची केवळ पहिली पायरी होय. मोजदाद आपल्या गैरसोयीची ठरण्याचा संभव असतानाही ती निःपक्षपातीपणे होऊ देणे, ही तिची वरची पायरी.

ह्या कसोटीचा एक प्रसंग पेडण्याच्या मातीत जन्मलेल्या नेत्याच्या चरित्रात आहे. दयानंद बांदोडकर, म्हणजे गोमंतकीयांचे भाऊसाहेब, ह्यांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडणे येथे झाला. खाण व्यवसायात ते यशस्वी झाले आणि डिसेंबर १९६३ मध्ये गोवा, दमण व दीवचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा प्राणच मुळी गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण हा होता. डॉ. जॅक सिक्वेरा ह्यांच्या नेतृत्वाखालील युनायटेड गोवन्स पक्ष तितक्याच निष्ठेने स्वतंत्र अस्तित्वाचा कैवार घेत होता. हा प्रश्न विधानसभेतील बहुमताने न सोडवता जनमत कौलाने सोडवावा, असे ठरले.

मुख्यमंत्र्यांच्या हाती सरकारी यंत्रणा असताना कौल निःपक्षपाती कसा होणार, ही विरोधकांची शंका होती, आणि सरकारने आधी राजीनामा द्यावा ही त्यांची मागणी होती. बहुमत पाठीशी असलेल्या नेत्याने ती धुडकावली असती, तरी त्याच्या अनुयायांना त्यात वावगे वाटले नसते. परंतु डिसेंबर १९६६ मध्ये बांदोडकर मंत्रिमंडळ पायउतार झाले आणि राष्ट्रपती राजवट आली. ही कल्पना त्यांना आपणहून सुचली नव्हती, हे खरे. पण प्रतिपक्षाची रास्त मागणी मान्य करण्यासही मनाचा मोठेपणा लागतो.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. फूल हे विलीनीकरणाचे चिन्ह, दोन पाने हे संघप्रदेशाचे. पेडणे, डिचोली ह्या भागांनी फुलाला भरभरून साथ दिली. तथापि एकूण गोव्यात विलीनीकरणाला १,३८,१७० आणि संघप्रदेशाला १,७२,१९१ मते पडली. ३४,०२१ मतांनी एक स्वप्न संपले. मराठीवर प्रेम करणाऱ्या कित्येक घरांत त्या दिवशी चूल पेटवण्याचेही मन झाले नसेल.

पराभवानंतर नेत्यापुढे दोन वाटा असतात. कौलच खोटा ठरवून अनुयायांचा संताप धगधगत ठेवणे ही सोपी वाट. ठरलेल्या चौकटीत पुन्हा कामाला लागणे ही अवघड वाट. भाऊसाहेबांनी दुसरी वाट धरली. मार्च १९६७ मध्ये ते पुन्हा मतदारांपुढे गेले. आणि ज्या जनतेने त्यांचे ध्येय नाकारले होते, तिनेच त्यांच्या पक्षाला सत्ता दिली. एप्रिलमध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. मतदाराने मत आणि माणूस ह्यांत भेद केला. खेड्यापाड्यांत निघालेल्या प्राथमिक शाळा, कुळांना संरक्षण देणारा १९६४ चा कायदा, ह्यांची आठवण लोकांना होती. १२ ऑगस्ट १९७३ रोजी निधन होईपर्यंत ते त्या पदावर होते.

ह्याचा अर्थ भाऊसाहेब निर्दोष होते असा नव्हे. १९७० साली त्यांच्याच पक्षातील काही आमदारांनी बंड केले. कारभार एकहाती चालतो, ही त्यांच्याविषयीची तक्रार निव्वळ मत्सरातून आलेली म्हणता येणार नाही. नम्रता हा जन्मभर पुरणारा ठेवा नव्हे. एका प्रसंगी ती साधली म्हणून दुसऱ्या प्रसंगी साधतेच असे नाही. ती पदोपदी नव्याने कमवावी लागते. थोरांचे हे उणेपण सांगण्याने त्यांची थोरवी उणावत नाही. ते लपवले, तर मात्र सचोटीवर बोलण्याचा अधिकारच उरत नाही.

ग्रंथालयाच्या शताब्दीत हा विषय अप्रस्तुत नाही. ग्रंथालय शंभर वर्षे टिकते ते केवळ देणग्यांवर नव्हे. अध्यक्षांनी नेलेले पुस्तकही नोंदवहीत चढते, उशीर झाल्यास त्यांनाही दंड भरावा लागतो, वार्षिक सभेत सामान्य सभासदाच्या प्रश्नाला हिशेबाची वही उघडून उत्तर दिले जाते, म्हणून ते टिकते. कपाटात परस्परविरोधी मतांचे ग्रंथ शेजारी शेजारी उभे असतात. आपल्याला न पटणारे पुस्तकही जपून ठेवणारा ग्रंथपाल लोकशाहीचा एक मूक शिक्षकच असतो.

ज्या गावात अशी संस्था आहे, तेथील तरुणांनी पुढारी निवडताना आणि स्वतः पुढारी होताना एकच प्रश्न विचारावा : हा माणूस हरल्यावर कसा वागतो? जिंकलेल्याच्या गळ्यातील हार पाहून त्याची उंची कळत नाही. मोजदाद विरुद्ध गेल्यावर, तीच मोजदाद शिरोधार्य मानून जो दुसऱ्या दिवशी कामाला लागतो, त्याच्याच हाती रापणीचा दोर निर्धास्तपणे सोपवावा.