रिपोर्ट 'नॉर्मल' आला म्हणजे?



शौचातून रक्त पडले की आपली माणसे मूळव्याध समजून गप्प बसतात. कुणी धीर करून आतड्याचे फोटो काढले आणि रिपोर्ट 'नॉर्मल' आला, की फाईल बंद! ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. मोठ्या आतड्याच्या ८५ कॅन्सरपैकी १२ बेरियम एनिमात निसटले होते. सीटी कॉलोनोग्राफीत ४५ पैकी ३.

का निसटतात? पोट नीट साफ नसेल तर विष्ठा गाठीसारखी दिसते, नाहीतर गाठ विष्ठेसारखी. म्हणून रुग्णाला उताणे व पालथे झोपवून दोनदा फोटो घेतात. विष्ठा सहसा सरकते, गाठ जागेवर राहते. चपटी गाठ तर अनुभवी नजरेलाही चकवते. शिवाय एक सापडली की नजर तिथेच समाधान मानते, दुसरी राहून जाते. आमच्या बँकेत व्हाउचर एक जण लिहितो, दुसरा तपासतो. त्यात कुणाचा अपमान नसतो.

तेव्हा रक्त थांबले नसेल तर पुन्हा जा, आणि "कोलोनोस्कोपी करावी का?" असे स्पष्ट विचारा. मोठ्या डॉक्टरांना कसे विचारावे, हा संकोच आपल्यात फार आहे. जाताना नुसता रिपोर्टचा कागद नको, जुने फोटोही न्या. दुसऱ्या डॉक्टरांना ते नव्याने पाहता येतात.