सरसाची छपाई



सुतार लाकडाला लाकूड चिकटवायला सरस वापरी, हे आपल्याला ठाऊक आहे. जनावरांची हाडे-कातडी उकळून सरस निघतो. त्याच जातीचा, पण अगदी शुद्ध पदार्थ म्हणजे जिलेटिन. या जिलेटिनाने फोटो छापता येतो. ते कसे, हे आज आम्ही सांगणार आहोत.

फ्रान्समधल्या प्वातव्हँ नावाच्या रसायनतज्ज्ञांनी १८५५ साली ही युक्ती काढली. पुढे जर्मनीत आल्बर्ट यांनी ती जाड काचेवर नीट बसवली. तिला कोलोटाइप म्हणतात. ग्रीक भाषेत ‘कोला’ म्हणजे सरसच!

आता रीत ऐका. जिलेटिनात बायक्रोमेट नावाचा क्षार मिसळायचा. काचेवर त्याचा पातळ थर देऊन वाळवायचा. त्यावर फोटोची निगेटिव ठेवून उजेड दाखवायचा. जिथं उजेड पोचतो, तिथं थर घट्ट होतो. जिथं पोचत नाही, तिथं मऊ राहतो. मग काच पाण्यात भिजवायची. मऊ भाग पाणी पितो, घट्ट भाग पीत नाही. वरून तेलकट शाईचा रूळ फिरवायचा. तेलाचं न् पाण्याचं कधी जमत नाही. म्हणून ओला भाग शाई घेत नाही, घट्ट भाग घेतो. अर्धवट घट्ट भाग थोडीशीच घेतो. वर कागद दाबला, की फोटो उमटला!

वर्तमानपत्रातला फोटो भिंगातून पाहा. ठिपकेच ठिपके दिसतील. कोलोटाइपात तसे ठिपके नसतात. बारीकशी छटासुद्धा उतरते. मात्र थर नाजूक असतो. हजार-दोन हजार प्रतींत तो झिजतो. म्हणून मोठ्या छापखान्यांनी ही रीत सोडली.

पण तिनं केवढं काम केलं पाहा. जपानात नारा शहराजवळ होर्यूजी हे बुद्धमंदिर आहे. तिथं भिंतींवर सुमारे १३०० वर्षांपूर्वीची चित्रे होती. जाणकार त्यांची तुलना आपल्या अजिंठ्याशी करतात. १९३५ साली क्योतोच्या बेनरिदो छापखान्यानं त्यांचे मोठे फोटो घेतले आणि कोलोटाइपनं छापले. २६ जानेवारी १९४९ रोजी मंदिराला आग लागली. चित्रे करपली, रंग गेले.

मूळ चित्रे गेली ती गेलीच. पण छापलेल्या प्रती शिल्लक होत्या! त्यांच्या आधारानं १९६७-६८ साली चित्रकारांनी ती चित्रे पुन्हा काढली.

आग, पूर, वाळवी काही सांगून येत नाहीत. आपल्या देवळात जुनं चित्र असेल, घरात जुना दस्त असेल. त्याची प्रत आजच करून ठेवू या. उद्यावर टाकायला नको.