स्वादुपिंडाचा कर्करोग : तपासणीचा क्रम आणि आपली जबाबदारी
(वार्षिक सभेतील भाषण)



आम्ही प्रशासनातील माणसे. शिक्षण वाणिज्य शाखेचे. यंत्राची किंमत, घसारा आणि देखभाल हे आमचे विषय. तथापि स्वादुपिंडाच्या कर्करोगात तपासण्यांचा क्रम चुकला, तर रुग्णाची संधी आणि पैसा दोन्ही वाया जातात, हे आम्ही क्ष-किरण विभागाकडून शिकलो. तेच आज आपणापुढे मांडतो.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यालगत दडलेले असते. न दुखता होणारी कावीळ, घटणारे वजन, पाठीकडे जाणारी पोटदुखी किंवा उतारवयात नव्याने जडलेला मधुमेह ही लक्षणे दिसेपर्यंत रोग बहुधा पसरलेला असतो. निदानाच्या वेळी शंभरांपैकी सुमारे १५ ते २० रुग्णांचीच गाठ शस्त्रक्रियेने काढता येते.

सोनोग्राफीत फुगलेली पित्तनलिका दिसते. परंतु आतड्यांतील वायूमुळे स्वादुपिंड अनेकदा झाकले जाते. म्हणून ती निर्दोष आली, तरी शंका फिटली असे नव्हे. खरा आधार सी. टी. स्कॅनचा. शिरेतून कॉन्ट्रास्ट दिल्यावर सुमारे ४० ते ५० सेकंदांनी घेतलेल्या चित्रांत निरोगी ग्रंथी उजळते आणि गाठ बहुधा काळसर दिसते. ७० सेकंदांच्या सुमारास शिरा व यकृत स्पष्ट होतात. गाठीने आतड्याच्या मुख्य धमनीचा अर्ध्याहून अधिक घेर वेढला असेल, तर सहसा आधी केमोथेरपी दिली जाते. यकृतातील बारीक डागांसाठी एम. आर. आय. आणि नमुना घेण्यासाठी एंडोस्कोपिक सोनोग्राफी उपयोगी पडते.

कावीळ उतरविण्यासाठी स्टेंट बसवायचा असल्यास, शक्यतो त्याआधीच हा स्कॅन व्हावा. स्टेंटमुळे व त्यानंतरच्या सुजेमुळे चित्र वाचणे अवघड होते. पित्तनलिकेत जंतुसंसर्ग होऊन ताप आला असेल, तर मात्र थांबता येत नाही.

पोटाचा साधा स्कॅन करून आलेल्या रुग्णाला पुन्हा स्कॅन करावा लागतो. गरीब कुटुंबाला हा दुसरा खर्च पेलत नाही. म्हणून मागणीपत्रावर 'स्वादुपिंडासाठी' असे स्पष्ट लिहावे, क्रिएटिनिनचा अहवाल सोबत जोडावा आणि पैशाअभावी तारीख पुढे ढकलू नये, अशी आमची विनंती आहे. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू असलेल्या योजनेत निर्धन रुग्ण निधीची तरतूद आहे. तो अशाच वेळी कामी यावा.

यंत्र देणगीतून येते; त्याचा योग्य वेळी उपयोग करणे आपल्या हाती आहे.