तारेखालची जमीन



व्याख्यानमालेत प्राध्यापकांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी मागे सतरंजीवर बसून ऐकावे, असा रिवाज आहे. तो मोडून चालकांनी आम्हांला येथे उभे केले. आमचे शाळेतले शिक्षण थोडके. पुढचे झाले ते विजेच्या मनोऱ्यांवर चढणाऱ्या माणसांच्या सभांत आणि त्यांचे तक्रारअर्ज लिहिता लिहिता. म्हणून विषयही तोच घेतला आहे: देशभर विजेच्या मोठ्या वाहिन्यांचे जाळे वाढते आहे, ते अडते कोठे?

जुने औंध संस्थान नकाशावर पाहावे. औंध येथे, आटपाडी पलीकडे, कुंडल तिसरीकडे आणि गुणदाळ तर विजापुराच्या बाजूला. राजा एक, मुलूख तुकड्यातुकड्यांत. आपल्या देशातली वीजही पुष्कळ वर्षे अशीच होती. 1915 साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली, ती तेवढ्यापुरती. पुढे विभागवार जाळी झाली. 2003 साली आपले पश्चिमेचे जाळे पूर्वेच्या जाळ्याशी जोडले गेले, 2006 साली उत्तरेचे आले. दक्षिणेशी व्यवहार होता, पण तो चंद्रपूरजवळच्या भद्रावतीसारख्या ठिकाणी वीज एका रूपातून दुसऱ्या रूपात पालटून. म्हणजे पाहुणचार होता, सोयरीक नव्हती. 31 डिसेंबर 2013 रोजी सोलापूर ते रायचूर ही 765 किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि सारा देश एका जाळ्यात आला. शेवटची गाठ आपल्या सोलापुरात बसली, याचा आम्हांला अभिमान वाटतो.

एका जाळ्यात येणे म्हणजे काय? दिंडीत शेकडो माणसांचे पाऊल एका टाळावर पडते, तसे देशातले सारे जनित्र एका ठेक्यात फिरायचे, सेकंदाला पन्नास आवर्तने. एक थकला तर त्याचा भार इतरांनी उचलायचा. सोय मोठी, धोकाही तेवढाच. 30 आणि 31 जुलै 2012 ला, त्या वेळी काही वाहिन्या बंद असताना, बीना ते ग्वाल्हेर या मार्गावर भार फार वाढला, वाहिनी तुटली आणि दुसऱ्या दिवशी तर साठ कोटींहून अधिक लोकांचा मुलूख अंधारात गेला. वाट एकच असली की गर्दी चेंगरते. म्हणून वाहिन्या हव्यात, आणखी हव्यात. सौर वीज राजस्थानात दुपारी होते, आपल्या चाळकेवाडीच्या पठारावर वारा आषाढात जोर धरतो, आणि कोयनेचे पाणी संध्याकाळच्या मागणीसाठी राखता येते. ही सगळी सांगड तारेवाचून बसणार नाही. यात आमचे दुमत नाही. सौर पट्ट्या वर्ष-दीड वर्षात उभ्या राहतात, त्यांची वीज नेणारी वाहिनी मात्र मागे राहते. का?

लोखंड मिळते, तार मिळते, पैसाही मिळतो. अडते ते बांधावर. 1885 च्या तारायंत्र कायद्याने तारेच्या खांबांसाठी जे अधिकार सरकारला दिले, तेच पुढे विजेच्या मनोऱ्यांना लागू केले गेले. जमीन संपादन करायची नाही, सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर ठेवायचा, आणि मनोरा उभा करून पिकाची नुकसानी द्यायची! त्या रानात पुढे विहिरीवर यारी उभी करता येत नाही, उंच झाड लावता येत नाही, विकायला काढले तर गिऱ्हाईक नाक मुरडते. 2015 साली केंद्राने सांगितले की मनोऱ्याखालच्या जमिनीच्या किमतीच्या 85 टक्के द्या, तारेखालच्या पट्ट्याला 15 टक्क्यांपर्यंत. जून 2024 मध्ये ते अनुक्रमे 200 आणि 30 टक्के झाले. चांगले झाले. पण ही मार्गदर्शक तत्त्वे आहेत. अंमल राज्याने करायचा, आणि किंमत कोणती धरायची येथेच घोडे पेंड खाते. रेडीरेकनरची किंमत आणि बाजारातली किंमत यांत किती अंतर असते, ते तुम्हां खटाव-माणच्या मंडळींना आम्ही काय सांगावे?

आमचे मत असे की पैशाइतकाच प्रश्न विचारण्याचा आहे. 1939 साली याच औंधात राजेसाहेबांनी घटना देऊन कारभार गावच्या पंचायतींकडे सोपवला. त्या मातीत बसून विचारावेसे वाटते, की खुंट्या ठोकण्याआधी मार्गाचा नकाशा ग्रामसभेत का लागू नये? दोन गावांच्या शिवेवरून, पडीक माळावरून वाहिनी वळवणे पुष्कळदा शक्य असते; कोठला ओढा कधी फुगतो हे गावालाच ठाऊक. यात सहा महिने जातील म्हणतात. आम्ही विचारतो, पोलीस बंदोबस्तात आणि कोर्टाच्या तारखांत किती जातात?

आता वर चढणाऱ्या माणसाविषयी. तो बहुधा कंत्राटदाराचा, अनेकदा बंगाल-झारखंडाकडचा. एका कामावर आमच्या सभासदाला जोराचा धक्का बसला. लाइन बंद होती, कागदावर सारे बरोबर होते. पण शेजारून चालू लाइन जात असेल तर बंद तारेतही विजेचा दाब उतरतो. काम चालते त्याच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग बांधल्यावाचून हात लावायचा नसतो. त्या दिवशी एकाच बाजूला बांधले होते, कारण दुसरा संच दुसऱ्या टोळीकडे गेला होता. पोरगा वाचला, उजव्या हाताची तीन बोटे गेली. भरपाईसाठी आम्ही चौदा महिने खेटे घातले. मूळ मालक म्हणे कंत्राटदाराकडे जा, कंत्राटदार म्हणे पोटकंत्राटदाराकडे.

आमची मागणी लहान आहे. प्रत्येक टोळीला अर्थिंगचे पुरे संच द्यावेत. आणि लाइन बंद केल्याचा परवाना इंग्रजीत फाइलला लावून न ठेवता, चढणाऱ्याला वाचता येईल अशा भाषेत, त्याच्या हातात, चढण्याआधी द्यावा.