औषधासाठी झटलेला माणूस



आज आम्ही तुम्हांला एका माणसाची हकीगत सांगणार आहोत. त्यांचे नाव सर साहिबसिंग सोखे. औषधे आपल्या देशात व्हावीत, ती चांगली असावीत आणि गरिबालाही मिळावीत, यासाठी ते जन्मभर झटले. भोर-वेल्ह्याकडे त्यांचे नाव फारसे कुणी ऐकले नसेल. पण त्यांच्या कामाचा उपयोग आपल्या घरापर्यंत आला आहे. तो कसा, ते ऐका.

सोखे मूळचे पंजाबातले. १८८७ साली अमृतसरला जन्मले. शिकून डॉक्टर झाले. लष्कराच्या वैद्यकीय खात्यात गेले. पुढे मुंबईला परळच्या हाफकिन संस्थेत आले. १९३२ साली ते त्या संस्थेचे प्रमुख झाले आणि १९४९ पर्यंत त्यांनी तिचा कारभार पाहिला.

ही संस्था कशी निघाली? १८९६ साली मुंबईत प्लेग आला. पुढल्या वर्षी पुण्यातही त्याने कहर केला. माणसे पटापट मरू लागली. तेव्हा हाफकिन नावाच्या परदेशी शास्त्रज्ञाने मुंबईत प्लेगची लस तयार केली. १८९७ च्या जानेवारीत पहिली सुई त्यांनी स्वतःलाच टोचून घेतली. अशी त्यांची हिंमत. १९२५ साली संस्थेला त्यांचेच नाव दिले.

सोख्यांच्या हाती संस्था आली, तेव्हा लस इथे बनत होती. पण दुसरी पुष्कळ औषधे विलायतेहून बोटीने येत. बोट अडली की औषध अडले. दुकानदार मागेल ती किंमत द्यायची. गरिबाने काय करायचे? सोख्यांचा विचार सरळ होता. रोग आपल्या घरी, आणि औषधाची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला, हे चालायचे नाही.

म्हणून त्यांनी संशोधनावर भर दिला. १९४० च्या सुमारास त्यांनी आणि भालचंद्र बाबाजी दीक्षित यांनी सल्फा जातीचे औषध प्लेगवर चालते का, ते उंदरांवर तपासून पाहिले. हे दीक्षित पुढे दिल्लीच्या मोठ्या सरकारी वैद्यकीय संस्थेचे, म्हणजे एम्सचे, पहिले संचालक झाले. औषध आधी तपासायचे, मग माणसाला द्यायचे, ही त्यांची रीत. ऐकीव गोष्टीवर औषध घ्यायचे नसते, हा यातला धडा.

सापाच्या विषावरचे औषध हाफकिन संस्थेत बनू लागले, ही गोष्ट तर आपल्या फार जवळची. भातलावणीच्या दिवसांत आपली माणसे चिखलात उभी असतात. बांधावर, गवतात सापाचे भय असतेच. आमच्या लहानपणी साप चावला की माणसाला भगताकडे नेत. त्यात वेळ जाई, आणि वेळेबरोबर जीवही जाई. हे औषध कसे करतात? घोड्याला विष अगदी थोडे थोडे टोचतात. घोड्याच्या रक्तात त्या विषाला मारणारे द्रव्य तयार होते. ते काढून, शुद्ध करून बाटलीत भरतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे, या चौघांवर एकच औषध चालते. म्हणून साप ओळखत बसू नका, त्याला मारण्यात वेळ घालवू नका. माणसाला धीर द्या, चालवू नका, गाडीत घालून थेट सरकारी दवाखाना गाठा.

सोख्यांनी देशाच्या धोरणातही लक्ष घातले. १९३८ साली काँग्रेसने पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती नेमली. तिच्या आरोग्याच्या पोटसमितीचे प्रमुख सोखे होते. त्या समितीने सांगितले, की दर हजार माणसांमागे एक आरोग्य-सेवक तयार करा. आज आपल्या वाडीवर आशाताई येतात ना? त्यांची योजना २००५ साली सुरू झाली. पण हजार माणसांमागे एक, हा हिशेब इतका जुना आहे बरं का!

पुढे सोखे जागतिक आरोग्य संघटनेत मोठ्या हुद्द्यावर गेले. १९५२ ते १९५६ ते राज्यसभेत होते. याच काळात आपल्या पुणे जिल्ह्यात पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला. १९५४ साली कंपनी झाली, १९५५ साली उत्पादन सुरू झाले. युनिसेफने यंत्रे दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञ दिले. शिळ्या भाकरीवर बुरशी येते ना? तशाच एका जातीच्या बुरशीपासून पेनिसिलिन होते. मोठमोठ्या टाक्यांत ती वाढवतात.

सोखे १९७१ साली वारले. त्याच सुमारास, १९७० साली, देशात नवा कायदा झाला. एका कंपनीने औषध काढले, तर तेच औषध दुसऱ्याने निराळ्या रीतीने बनवायला मोकळीक मिळाली. मक्ता मोडला. औषधे पुष्कळ स्वस्त झाली. २००५ साली हा कायदा बदलला आणि नव्या औषधांवर मक्ता पुन्हा आला. म्हणजे हे काम संपलेले नाही. त्यावर नजर ठेवावीच लागते.

आता तुमचे काम सांगतो. तुम्ही वाचायला शिकलात. औषधाच्या पाकिटावर बहुतेक मजकूर इंग्रजीत असतो. पण इंग्रजी आकडे तरी ओळखायला शिका. तेवढ्याने पुष्कळ काम होते. पाकिटावर मुदत लिहिलेली असते. ०६ आणि पुढे वर्ष असेल, तर त्या वर्षाचा जून महिना संपेपर्यंतच ते औषध चांगले. किंमतही छापलेली असते. तिच्यापेक्षा एक पैसाही जास्त देऊ नका. पाकिटावर तांबडी उभी रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून घेऊ नका. आणि डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, तर पाचही दिवस घ्या. ताप उतरला म्हणून दोन दिवसांत बंद केल्या, तर उरलेले जंतू माजतात. मग ते त्या औषधाला दाद देत नाहीत.

शहाण्या माणसांनी औषध आपल्या दारापर्यंत आणले. ते नीट पाहून, वाचून घेणे आपल्या हाती आहे. दुकानात घाई करू नका. पाकीट उलटेसुलटे करून पाहा. समजले नाही तर विचारा. विचारण्यात लाज कसली?